शासनसंस्था आणि समाजाची घडण

शासनसंस्था आणि समाजाची घडण : ठरावीक भूप्रदेशावर कर बसवणारी, न्यायनिवाडा करणारी आणि शिक्षेचा अधिकार स्वतःकडे राखणारी यंत्रणा म्हणजे शासनसंस्था. तिने समाज कसा घडवला, याचा विचार करताना प्रथम लढाया, राजवटी आणि गाजलेले कायदे डोळ्यांपुढे येतात. माणसांची ओळख, त्यांची भाषा, आयुष्याचे टप्पे आणि परस्परांतील उच्चनीचभाव यांवर मात्र शासनाचा सर्वांत खोल ठसा उमटला तो मोजणी, नोंद आणि वर्गवारी या गाजावाजा न होता चाललेल्या कामांमुळे.

मेसोपोटेमियातील उरूक येथे सापडलेल्या, इ. स. पू. सुमारे ३३०० ते ३००० या काळातील मातीच्या पाट्या जगातील सर्वांत जुन्या लेखनात मोडतात. त्यांत काव्य किंवा प्रार्थना नाहीत. बहुतेक पाट्यांवर धान्य, जनावरे आणि मजुरांचा शिधा यांचे हिशेब आहेत. बॅबिलोनचा राजा हामुराबी याच्या संहितेत (इ. स. पू. १८ वे शतक) प्रतिष्ठित नागरिक, सामान्य मनुष्य आणि गुलाम असे तीन दर्जे आढळतात. प्रतिष्ठिताचा डोळा फोडणाऱ्याचा डोळा फोडावा, सामान्य माणसाच्या डोळ्याबद्दल एक मिना (वजनाचे तत्कालीन माप) चांदी द्यावी आणि गुलामाच्या डोळ्याबद्दल त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम द्यावी, असा तिचा दंडक होता. हे भेद समाजात आधीपासून असतील. पण दगडावर कोरले गेल्यावर त्यांना मोजता येण्याजोगी किंमत आली, आणि कायद्याचा हा गुण पुढच्या इतिहासात वारंवार दिसतो.

चीनमध्ये इ. स. पू. २२१ मध्ये छिन घराण्याने एकछत्री अंमल बसवल्यावर वजने, मापे, लिपी आणि गाड्यांच्या आसाची लांबीदेखील सर्वत्र एकसारखी केली. सातव्या शतकाच्या आरंभी रुजू लागलेली राजसेवा परीक्षा १९०५ मध्ये रद्द होईपर्यंत सुमारे तेराशे वर्षे टिकली. अधिकारपद जन्मापेक्षा ठरावीक ग्रंथांच्या अभ्यासावर अवलंबून राहू लागल्याने सधन कुटुंबे मुलाच्या शिक्षणावर पिढ्यान्‌पिढ्या पैसा खर्च करू लागली. उत्तीर्ण होणारे थोडेच असत. परंतु नापास झालेल्यांच्या रूपाने गावोगावी एकाच संस्कारातला सुशिक्षित वर्ग पसरला, आणि परीक्षेचा हा परिणाम नेमणुकांइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे.

करांचे परिणाम अनेकदा अनपेक्षित असतात. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ या काळात घराच्या खिडक्या मोजून कर आकारला जाई. तो टाळण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, आणि गरिबांची दाटीवाटीची घरे उजेड व हवा यांना पारखी झाली.

आधुनिक काळात शाळा हे शासनाचे सर्वांत प्रभावी साधन ठरले. प्रशिया या जर्मन राज्याने १७६३ मध्ये प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचा सविस्तर हुकूम काढला आणि जपानने १८७२ मध्ये देशव्यापी शिक्षणव्यवस्था जाहीर केली. फ्रान्समध्ये १७९४ च्या एका शासकीय अहवालानुसार शुद्ध फ्रेंच बोलणाऱ्यांची संख्या ३० लाखांपेक्षा अधिक नव्हती. १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले; शाळेत ब्रेटन किंवा ऑक्सितान बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. साक्षरता वाढली, राष्ट्र एका भाषेत बोलू लागले, पण त्यासाठी घराघरांतल्या भाषांचा बळी गेला; ही किंमत राष्ट्रउभारणीच्या वर्णनात क्वचितच पुरेशी मांडली जाते.

वार्धक्याची आजची कल्पनाही काही अंशी शासननिर्मित आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत आजारविमा (१८८३), अपघातविमा (१८८४) आणि वृद्धत्वाचे निवृत्तिवेतन (१८८९) सुरू झाले. निवृत्तिवेतनाचे वय आरंभी ७० होते, ते १९१६ मध्ये ६५ झाले. हातपाय चालेनासे होईपर्यंत काम करण्याच्या जुन्या रीतीऐवजी एका ठरावीक वाढदिवसानंतर काम थांबवणे हा आयुष्याचा मान्य टप्पा बनू लागला.

शासनाचा प्रत्येक प्रयत्न समाजाच्या अंगवळणी पडतोच असे नाही. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा असलेली दिनदर्शिका आणली. विश्रांतीचा दिवस सात दिवसांऐवजी दहा दिवसांनी येणे कष्टकऱ्यांना रुचले नाही आणि १८०६ च्या आरंभी ती सोडून द्यावी लागली. अमेरिकेतील दारूबंदी १९२० पासून १९३३ पर्यंतच टिकली.

नोंदींचा सर्वांत गंभीर परिणाम वर्गवारीत दिसतो. भारतात १९०१ च्या जनगणनेत जातींची सामाजिक श्रेष्ठतेनुसार क्रमवारी लावण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा वरचे स्थान मागणाऱ्या अर्जांचा पाऊस पडला आणि त्यासाठी जातिसभा उभ्या राहिल्या. रवांडात हुतू, तुत्सी आणि ट्वा हे गट पूर्वीपासून होते. मात्र त्यांच्यातील सीमा पुष्कळशा सैल होत्या. बेल्जियन प्रशासनाने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर गटाची नोंद सक्तीची केली आणि ती सीमा कागदावर गोठली. स्वातंत्र्यानंतरही ही नोंद राहिली. १९९४ च्या नरसंहारात रस्त्यांवरील नाक्यांवर हीच ओळखपत्रे तपासून माणसे मारली गेली. वसाहतीच्या कारकुनाने भरलेला एक रकाना दोन पिढ्यांनंतर मृत्यूचा निकष ठरला, ही विसाव्या शतकातील अत्यंत दुःखद घटना आहे.

दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक व्यक्तीला वंशाच्या एका गटात बसवले. राहण्याची जागा, शाळा आणि विवाह यांवरील बंधने त्या नोंदीवर अवलंबून होती. हा कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. तथापि, वर्णभेदाने केलेल्या अन्यायाच्या परिमार्जनासाठी १९९८ मध्ये आलेल्या रोजगार समता कायद्यालाही लाभार्थी ठरवताना जुन्याच गटनामांचा आधार घ्यावा लागला. वर्णभेदाच्या काळात हक्क नाकारले गेलेल्या चिनी वंशाच्या दक्षिण आफ्रिकी नागरिकांना त्या लाभार्थींमध्ये स्थान मिळण्यासाठी न्यायालयात जावे लागले, आणि २००८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.