पोचपावतीचा छंद: शॉर्टवेव्ह श्रोते आणि त्यांची कार्डे

दूरदेशीचे केंद्र रेडिओवर पकडायचे, ऐकलेल्याचा तपशील त्यांना पत्राने कळवायचा आणि उलटटपाली आलेले छापील कार्ड जपून ठेवायचे, हा छंद आता शंभरी गाठतो आहे. या कार्डाला क्यूएसएल म्हणतात. नाव बिनतारी संदेशांच्या दिवसांतले आहे. जहाजे आणि किनाऱ्यावरची केंद्रे यांना थोडक्यात बोलता यावे म्हणून ‘क्यू’ने सुरू होणारे संक्षेप ठरवण्यात आले आणि १९१२च्या लंडन परिषदेत ते जगभरासाठी मान्य झाले. त्यात क्यूएसएल म्हणजे सरळ ‘पोच देतो’. हौशी बिनतारीवाले १९१६पासूनच एकमेकांना अशी कार्डे धाडत होते.

कार्डाला स्मरणचित्र समजण्याची चूक अनेकजण करतात. ती खरोखरीची पोच होती आणि पत्र-कार्डाच्या या देवघेवीची गरज दोन्ही बाजूंना होती. याचे कारण शॉर्टवेव्हच्या, म्हणजे आखूड रेडिओलहरींच्या, स्वभावात आहे.

सुरुवातीला या लहरी कुणाला नकोच होत्या. लहर जितकी लांब तितका पल्ला मोठा, असा तेव्हा समज होता. म्हणून १९१२च्या अमेरिकी कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याखालच्या, म्हणजे निरुपयोगी मानलेल्या लहरींवर ढकलले. तिथूनच हौशींनी पल्ला गाठला. डिसेंबर १९२१मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकी हौशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसनला तंबू ठोकून बसला आणि अटलांटिकपलीकडच्या हौशींचे संदेश त्याने टिपले. नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्समधल्या लेओं देलुआने शंभर मीटरच्या आसपास अमेरिकेशी दुतर्फा संपर्क साधला.

हे कसे घडले? वातावरणात उंचावर विद्युतभारित थर असावा, असा तर्क केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२मध्येच मांडला होता. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅपलटनने १९२४मध्ये त्याचा पुरावा दिला. या आयनांबराला धडकून शॉर्टवेव्ह परत जमिनीवर येते, पण मधला मोठा पट्टा ओलांडून. शेजारच्या प्रांतात शुकशुकाट आणि हजारो किलोमीटरवर खणखणीत आवाज, असे सर्रास होते. शिवाय दिवस-रात्र, ऋतू आणि अकरा वर्षांचे सौरचक्र यांनुसार थर बदलतो, तशी लहर उतरण्याची जागाही बदलते. आपला आवाज आज कुठे उतरला, हे प्रक्षेपकाजवळ बसलेल्या अभियंत्याला कळणारच नाही. त्याला सांगू शकणारा एकच, तिथे रेडिओ लावून बसलेला श्रोता.

१९२७मध्ये आइंडहोवनहून फिलिप्सने, १९२९मध्ये मॉस्कोने, १९३१मध्ये व्हॅटिकनने आणि १९३२च्या डिसेंबरात बीबीसीने शॉर्टवेव्हवरून परदेशांसाठी प्रसारण सुरू केले, तेव्हा श्रोत्यांची पत्रे केंद्रांना म्हणूनच मोलाची वाटली.

त्या पत्राला शिस्त असते. तारीख आणि जागतिक वेळ, किलोहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी आणि मग ‘सिन्पो’चे पाच आकडे: सिग्नलचा जोर, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, आवाजाचे खाली-वर होणे आणि एकूण दर्जा. प्रत्येकी एक ते पाच. पाच म्हणजे उत्तम. ४३४३३ एवढे लिहिले की सिग्नल चांगला, शेजारच्या केंद्राचा बऱ्यापैकी त्रास, खरखर किरकोळ, आवाज मधूनमधून विरतो, पण एकंदर ऐकण्याजोगे, हे सगळे केंद्राला उमगते. पुढे कार्यक्रमाचा तपशील, मिनिटागणिक. ‘संगीत वाजले, मग बातम्या’ हे चालत नाही, कारण ते न ऐकताही लिहिता येते. कोणती बातमी, निवेदक स्त्री की पुरुष, केंद्राचे नाव किती वाजून किती मिनिटांनी घेतले, हे हवे. काटा केसभर सरकवत, विरत्या आवाजातून ते नाव कानात प्राण आणून पकडावे लागते, आणि मला या छंदाचा गाभा तोच वाटतो.

पाकिटात परतीच्या टपालखर्चासाठी आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन घालायची पद्धत होती. १९०६च्या रोम टपाल परिषदेने आणलेल्या या कूपनाच्या बदल्यात परदेशातही टपाल तिकीट मिळे. मग आठवडे, कधी महिने वाट पाहायची.

शीतयुद्धाच्या काळात प्रत्येक सत्तेला सीमेपलीकडे बोलायचे होते, तेव्हा केंद्रेही उदंड आणि कार्डेही. शीतयुद्ध संपले आणि खर्च नजरेत भरू लागला. बीबीसीने २००१मध्ये उत्तर अमेरिकेसाठीचे शॉर्टवेव्ह प्रसारण थांबवले, २०१२मध्ये कॅनडा आणि नेदरलँड्सच्या परदेश सेवा शॉर्टवेव्हवरून गेल्या, जानेवारी २०१७मध्ये रेडिओ ऑस्ट्रेलियाही. त्यातच इंटरनेटवरून चालवता येणारे रिसीव्हर आले. दुसऱ्या खंडात आपला आवाज कसा लागतो, हे अभियंता आता टेबलापाशी बसून ऐकतो. पत्रांची निकड तिथेच सरली. कार्ड पाठवणारी केंद्रे अजून आहेत. काही ते ई-मेलने धाडतात.

जुन्या संग्रहांसाठी व्हिएन्नात डॉकुफंक हे अभिलेखागार आहे. छंदिष्टांच्या मागे राहिलेली लाखो कार्डे तिथे जपली आहेत. त्यांतल्या कित्येकांवर आज बंद पडलेल्या केंद्रांची नावे आहेत आणि त्याखाली हाताने भरलेली एक ओळ: तारीख, वेळ, किलोहर्ट्झ.