पाव आवडतो, पण उठवत नाही

डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन, ही समजूत मोबाइलवरून इतकी फिरली आहे की माझ्या अकरावीच्या मुलांनाही ती तोंडपाठ असते. पाठ्यपुस्तकातले काही पाठ नसते, एवढे मात्र असते. रील पाहिले की डोपामिन वाढते, दोन दिवस फोन कपाटात ठेवला की ते 'रीसेट' होते आणि नैराश्य म्हणजे ते संपून गेलेले असणे, असा तो सरळसोट हिशेब. मेंदूला उपास घडवून डोपामिन ताळ्यावर येत नसते, हे तर आहेच. पण मूळ घोटाळा पहिल्या वाक्यातच आहे.

आमच्या डिचोलीकडच्या वाड्यावर सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजतो. एक वयस्कर बाई पूर्वी भोंग्याच्या आधीच पायरीवर येऊन थांबायची, कालचा पाव कसा कच्चा होता ते त्याला ऐकवायची. गेले काही महिने तिला भोंगा ऐकू येतो, पाव हवा असतो, पण अंगावरचे पांघरूण बाजूला होत नाही. सुनेने चहा आणि गरम उंडो (गोल पाव) हातात आणून दिला तर ती खाते, 'बरा आहे' असेही म्हणते. घरातल्यांना नेमके हेच खुपते. खाताना सगळे ठीक आणि उठायचे म्हटले की दुखणे? हातपाय धड आहेत, मग हा आळस नाही तर काय?

हे नैराश्यही असू शकते. आवड असूनही उठवत का नाही, या प्रश्नाचे उत्तर उंदरांनी फार चांगले दिले आहे.

गोड चव लागली की उंदीर जीभ बाहेर काढून ओठ चाटतो आणि कडू लागले की तोंड वासतो. तान्ही बाळेही असेच करतात. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी 1989 मध्ये ज्या उंदरांच्या मेंदूतले डोपामिन जवळजवळ संपवले होते, त्यांच्या जिभेवर साखरपाणी सोडून पाहिले. हे उंदीर समोर ठेवलेले अन्न खायला जात नव्हते, त्यांना नळीने भरवून जगवावे लागे. पण साखर जिभेवर पडताच ते निरोगी उंदरांसारखेच ओठ चाटत होते. आवड शाबूत होती, ओढ गेली होती. डोपामिनचे मुख्य काम या ओढीशी आहे.

आता माझा सगळ्यात लाडका प्रयोग, अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातील जॉन सालामोन यांचा. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची एक वाट घ्या. एका टोकाला खाण्याच्या चार गोळ्या, दुसऱ्या टोकाला दोन. चार गोळ्यांच्या वाटेवर मात्र 44 सेंटिमीटर उंच जाळी उभी केलेली. निरोगी उंदीर सहसा जाळी चढून चार गोळ्या मिळवतो. मेंदूच्या तळाशी न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स नावाचा लहानसा भाग आहे. तिथले डोपामिन कमी केले की तोच उंदीर दोन गोळ्यांकडे वळू लागतो.

इथपर्यंत कोणीही म्हणेल की उंदीर अशक्त झाला, किंवा त्याला चार आणि दोन यांतला फरक कळेनासा झाला. म्हणून सालामोन यांनी जाळी काढून टाकली. उंदीर पुन्हा चार गोळ्यांकडे गेला, म्हणजे फरक त्याला कळत होता. मग जाळी परत लावली आणि दुसरे टोक रिकामे ठेवले. आता उंदीर जाळी चढला! अंगात ताकद होती, भूक होती, अक्कलही होती. बिघडले होते ते एकच : या कामासाठी एवढे कष्ट परवडतात का, हा निवाडा. बाजारात सुरमई तीच, ताजीही तेवढीच, आपल्या तोंडाला पाणीही सुटते, फक्त भाव दुपटीने सांगितला जातो, तशी ही गत.

माणसांवर असाच प्रयोग मायकल ट्रेडवे आणि डेव्हिड झाल्ड यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केला. प्रत्येक फेरीत निवड करायची. सोप्या कामात सरावाच्या हाताच्या तर्जनीने सात सेकंदांत 30 वेळा बटण दाबायचे, बक्षीस एक डॉलर. अवघड कामात दुसऱ्या हाताच्या करंगळीने 21 सेकंदांत 100 वेळा दाबायचे, बक्षीस चार डॉलरच्या पुढेही जाऊ शकते. करंगळीने टेबलावर शंभर ठोके देऊन पाहा, दमछाक कळेल. पुढे 2012 मध्ये नैराश्याच्या रुग्णांवर हाच प्रयोग झाला. त्यांनी अवघड काम निरोगी लोकांपेक्षा कमी वेळा निवडले. साखरपाण्याची गोडी किती वाटते, या चाचण्यांत मात्र रुग्ण आणि निरोगी लोक यांच्यात बहुधा फरक सापडत नाही.

पुढचा भाग थोडा जड आहे, पण मला तो टाळवत नाही. अ‍ॅकम्बन्समधल्या काही चेतापेशींवर डोपामिनचे डी-2 ग्राहक, म्हणजे त्याचा संदेश टिपणारे रेणू (रिसेप्टर), असतात. या पेशी कृतीला लगाम घालतात आणि डोपामिन तो लगाम सैल करते. त्याच पेशींवर अडेनोसीन या दुसऱ्या रसायनाचे ए-2ए ग्राहक असतात, त्यांचा परिणाम बरोबर उलटा. टेट्राबेनाझीन हे औषध पेशींमधला डोपामिनचा साठा घटवते. हंटिंग्टन आजारातल्या अनावर हालचालींसाठी ते देतात आणि नैराश्य हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. ते दिलेले उंदीर कष्टाचे खाणे सोडून फुकटचे बेचव खाणे पत्करतात. मग त्यांचे ए-2ए ग्राहक अडवले की ते पुन्हा कष्टाकडे वळतात. कॉफीतले कॅफीनही अडेनोसीनचेच ग्राहक अडवते. म्हणून नैराश्यावर कॉफी प्यावी असे मी म्हणत नाही. कोणी तसे रील केलेच, तर त्यात माझे नाव घेऊ नये.

तसेच खाजकुयलीच्या बियांचे. त्यांच्या गोळ्या 'डोपामिन बूस्टर' म्हणून विकल्या जातात. त्या बियांत एल-डोपा (ज्यापासून मेंदूत डोपामिन बनते ते द्रव्य) खरोखरच असते, पण ते पार्किन्सनचे औषध आहे, मनाने घ्यायचे टॉनिक नव्हे. आणि नैराश्य म्हणजे नुसता डोपामिनचा तुटवडा, असेही नाही. काहींची आवडही जाते, काहींना अपराधीपणा पोखरतो, काहींची झोप उडते. डॉक्टरांनी दिलेली औषधे हा लेख वाचून बंद करू नयेत.

आपल्याकडे अजून मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढतात, देवळात प्रसाद लावून कौल घेतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण उजवा कौल मिळाला म्हणून सहा महिने डॉक्टरांकडे न नेलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला राग येतो.

उपचाराचा एक महत्त्वाचा पुरावा तर गोव्यातूनच जगासमोर गेला. 'संगाथ' ही संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या गटाने इथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर एक चाचणी केली. ती 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा ते आठ बैठका, काही थेट रुग्णाच्या घरी. तीन महिन्यांनी या गटातल्या 64 टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. फक्त केंद्रातल्या डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते.

समुपदेशनाच्या या पद्धतीत मन प्रसन्न होण्याची वाट पाहत नाहीत. कृती आधी, वाटणे मागाहून. आता कोणी म्हणेल, 'ऊठ, काहीतरी कर' असे घरचेही दिवसभर सांगतातच की! फरक असा की घरचे संपूर्ण जाळी एकदम चढायला सांगतात आणि समुपदेशक आधी तिची उंची कमी करतो. त्या बाईच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात पायरीपर्यंत जायचे नाही, भोंगा वाजला की नुसते उठून खाटेवर बसायचे. ते जमले की दारापर्यंत. काय केले आणि तेव्हा कसे वाटले, याची नोंद ठेवायची, कारण असे रुग्ण मिळणारे समाधान आधीच कमी धरून चालतात. पावाचे पैसे तिने स्वतः द्यायचे, हे बरेच नंतर. सुनेने तोवर पाव हातात आणून द्यायला हरकत नाही, फक्त टोमणा मारू नये.

बांबोळीला मनोरुग्णांसाठी सरकारी संस्था आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून चोवीस तास चालू असतो. फोन लावणे हेही रुग्णासाठी जाळी चढण्यासारखेच असते. तेव्हा तो घरच्यांनी लावून द्यावा.