गाड्या एकत्र सोडल्या की ती रॅली राहत नाही

नाशिकजवळ एका रॅलीला आम्ही मुरमाच्या रस्त्यालगत बांधावर उभे होतो. एक गाडी धुरळा उडवत वळणावरून गेली, मग सगळं शांत. थोड्या वेळाने दुसरी आली, मग तिसरी. चौथी गेल्यावर शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "पहिली गेली तीच पुढे ना?" मी म्हटलं, "तसं नसतं, वेळ बघावी लागते." त्यांनी मान हलवली आणि ते घरी निघाले.

हा प्रश्न मला कायम ऐकू येतो, आणि त्याच्या पाठोपाठ टीव्हीसाठीचा तोडगाही ठरलेला असतो: "रॅली कंटाळवाणी दिसते. सगळ्या गाड्या एकदम सोडा, मग बघा लोक कसे टीव्हीपुढून हलत नाहीत." तोडगा सुचवणाऱ्यांना बहुधा माहीत नसतं की असा खेळ १९६७ पासून चालू आहे. त्याचं नाव रॅलीक्रॉस. रॅली वेगळी, रॅलीक्रॉस वेगळा.

रॅलीक्रॉसवर फार वेळ घालवत नाही, कारण ज्याने फॉर्म्युला वन किंवा कुठलीही सर्किटवरची शर्यत पाहिली आहे त्याला तो लगेच कळतो. साधारण किलोमीटरभराचा बंदिस्त ट्रॅक, थोडा डांबरी, थोडा मातीचा. पाच-सहा गाड्या एका रांगेत, दिवा बदलला की सगळ्या एकदम सुटणार. शंभरचा वेग दोन सेकंदांच्या आत. चार ते सहा फेऱ्या, पहिल्याच वळणावर पत्र्याला पत्रा, आणि चार-पाच मिनिटांत निकाल. प्रत्येकाला एकदा 'जोकर लॅप' घ्यावा लागतो, म्हणजे ट्रॅकच्या लांबच्या फाट्यावरून जावं लागतं. तो कधी घ्यायचा यात डावपेच असतो. शेवटची रेघ जो आधी ओलांडेल तो जिंकला. दिसतं तेच खरं.

हा खेळ जन्मालाच टीव्हीसाठी आला. फेब्रुवारी १९६७ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात लिडन हिल इथे टीव्हीच्या कार्यक्रमासाठी रॅलीच्या गाड्या एकत्र पळवल्या, आणि विक एलफोर्डने पोर्श ९११ मध्ये ती शर्यत जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या जनावरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि तिथली मोठी आरएसी रॅली ऐनवेळी रद्द करावी लागली. गावोगावच्या रानातून गाड्या फिरवणं शक्य नव्हतं. कॅमेऱ्यासमोर एका जागी होणाऱ्या खेळाचा फायदा अशा वेळी चटकन ध्यानात येतो. पुढे २०१४ मध्ये रॅलीक्रॉसला जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला आणि पहिला विजेता ठरला पेटर सोल्बर्ग, जो २००३ चा जागतिक रॅली विजेताही होता. नऊ वेळा रॅलीचा जगज्जेता झालेला सेबास्टियन लोबही पुढे रॅलीक्रॉस खेळला. माणसं तीच, गाड्याही दिसायला सारख्याच, छोट्या हॅचबॅकच्या अंगाच्या. गोंधळ व्हायला एवढं पुरतं.

आता खरी गोम. रॅलीत कुणीही कुणाला ओलांडायला निघालेलं नसतं. प्रत्येक गाडी एकटी सुटते, काही मिनिटांच्या अंतराने, आणि लढत घड्याळाशी असते. बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्याला स्टेज म्हणतात. तीन-चार दिवसांत अशा पंधरा-वीस स्टेज होतात, सगळ्यांच्या वेळांची बेरीज होते आणि जिची बेरीज कमी ती गाडी जिंकते. रस्त्यावर पुढे कोण आहे याचा निकालाशी संबंध नाही.

हे ऐकून लोक "हो, कळलं" म्हणतात आणि पाच मिनिटांनी परत विचारतात, "मग पुढे कोण आहे?" म्हणून मी क्रिकेटचं उदाहरण देतो. एका संघाने २८० केल्या. आता तो संघ फलंदाजी करत नाहीये, त्याच्या धावा फक्त फलकावर उभ्या आहेत. दुसरा संघ त्यांचा पाठलाग करतो आणि आपण दर षटकाला हिशेब मांडतो: इतक्या चेंडूंत इतक्या हव्यात. हा पाठलाग पाहताना आपली नखं कुरतडून संपतात. "दोन्ही संघांना एकाच वेळी फलंदाजीला पाठवा, मग मजा येईल," असं कुणी म्हणत नाही. रॅली हा असाच पाठलाग आहे, फक्त धावांच्या जागी सेकंदाचे दशांश.

उलट, मातीच्या रॅलीत सगळ्यात आधी सुटणं ही शिक्षा असते. पहिल्या गाडीला वरची सुटी खडी झाडत जावं लागतं, चाकांना पकड मिळत नाही. मागून येणाऱ्यांना साफ झालेली वाट मिळते. जागतिक रॅली अजिंक्यपदात पहिल्या पूर्ण दिवशी गुणतक्त्यात जो अव्वल, तोच आधी सुटतो. म्हणजे टीव्हीवर सर्वांत पुढे दिसणारा माणूस त्या दिवशी पाचवा-सहावा असणं अगदी नेहमीचं. हे ज्याला ठाऊक नाही त्याला रॅली निरस वाटणारच. त्यात दोष प्रेक्षकाचा नाही, न सांगणाऱ्याचा आहे.

जून २०२४ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या जागतिक रॅलीत काय झालं ते पाहा. शेवटच्या स्टेजला सेबास्टियन ओझिए आघाडीवर होता. ओट तानाक आपली स्टेज संपवून थांबला होता, त्याच्या हातात आता काही उरलं नव्हतं. मागून येणाऱ्या ओझिएचा टायर फुटला. वेळेतलं अंतर कमी होत होत अखेर उलटलं आणि तानाक ०.२ सेकंदाने जिंकला. अडीचशेहून जास्त किलोमीटरची स्टेज, तीन तासांहून जास्त बेरीज, आणि फरक पापणी लवण्याइतका. २०११ मध्ये जॉर्डनच्या रॅलीतही फरक एवढाच होता, तेव्हा जिंकणारा ओझिए होता. सार्डिनियातल्या त्या स्टेजवर या दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडलं नाही, आणि तरी यापेक्षा थरारक शेवट मला कुठल्याही सर्किटवर आठवत नाही.

या गोंधळात भर घालते ती सुपर स्पेशल स्टेज. तिथे कधी कधी शेजारशेजारच्या दोन मार्गांवर दोन गाड्या एकदम पळवतात, स्टेडियमसारखी बसायची सोय असते. लोकांना वाटतं ही समोरासमोरची शर्यत. तीही वेळेचीच असते. माझं मत विचाराल तर या स्टेज जत्रेसाठी ठीक आहेत, त्यांची संख्या वाढवू नये.

बाकीचे फरक किरकोळ. रॅलीत शेजारी पुढची वळणं वाचून सांगणारा सहचालक असतो, रॅलीक्रॉसमध्ये चालक एकटा. रॅलीच्या गाडीला नंबरप्लेट असते, कारण दोन स्टेजच्या मधलं अंतर ती साध्या रहदारीत, सिग्नलला थांबत कापते. महिलादिनाला निघणारी कार रॅली हा तिसराच प्रकार, तिथे ठरल्यापेक्षा लवकर पोचलं तरी गुण कापतात.

मग टीव्हीने करायचं काय? २०११ पासून शेवटच्या स्टेजला जादा गुण देतात. ती पॉवर स्टेज चांगली कल्पना आहे, कारण तिने घड्याळाला हात लावला नाही. २०१४ मध्ये मात्र शेवटच्या स्टेजवरच विजेता ठरावा असा प्रस्ताव पुढे आला होता. तीन दिवस कमावलेली आघाडी टीव्हीच्या एका तासासाठी पुसट करायची! चालकांनी विरोध केला, प्रस्ताव बारगळला, आणि ते फार योग्य झालं.

पडद्यावर मला मोजक्या गोष्टी हव्यात. कोपऱ्यात स्प्लिट, म्हणजे स्टेजच्या मधल्या टप्प्यांवरची वेळ, आघाडीवाल्याच्या वेळेशी ताडून. एकाच वळणावर दोन गाड्यांची चित्रं एकावर एक, म्हणजे कुणी ब्रेक उशिरा मारला ते दिसेल. ड्रोनची संथ दृश्यं आणि त्याखालचं धडधडतं संगीत बंद करावं, कारण त्या संगीताखाली गाडीतला सगळ्यात मोलाचा आवाज दबतो. तो आवाज सहचालकाचा: डावा पाच, चढ, लगेच उजवा तीन, आत कापू नको. आकडा म्हणजे वळण किती तीव्र ते. समोर फक्त झाडं आणि आंधळा चढ दिसतोय, चालक पाय न उचलता त्या शब्दांच्या भरवशावर गाडी झोकून देतो आणि चढापलीकडे खरोखरच उजवं वळण निघतं. कॅमेरा गाडीच्या आत ठेवावा, स्प्लिट दाखवावा, आणि तेवढा वेळ समालोचकाने गप्प बसावं.