एक्सएसएलटी स्टाइलशीटमधील दुवे

एक्सएमएल (टॅग लावून माहिती मांडण्याची पद्धत) दस्तऐवजाचे वेबपानात रूपांतर करण्यासाठी एक्सएसएलटी भाषेतील स्टाइलशीट वापरतात. जेम्स क्लार्क यांनी संपादित केलेली तिची १.० आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने नोव्हेंबर १९९९ मध्ये शिफारस म्हणून जाहीर केली. स्टाइलशीट ही स्वतःच एक्सएमएल फाइल असल्याने तिच्यातल्या दुव्याला एक्सएमएलचे आणि वेबपत्त्याचे असे दोन्ही नियम लागतात. बहुतेक घोळ या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतात.

सर्वाधिक त्रास देणारे चिन्ह म्हणजे अँपरसँड (&). वेबपत्त्यात ते दोन घटक वेगळे करते, तर एक्सएमएलमध्ये त्यापासून एंटिटी (चिन्हाऐवजी लिहायचे सांकेतिक नाव) सुरू होते. ‘?गाव=पुणे&पान=२’ असा पत्ता जसाच्या तसा चिकटवला, तर पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम) ‘पान’ला एंटिटीचे नाव समजतो, पुढे अर्धविरामाऐवजी बरोबरचे चिन्ह दिसताच त्रुटी देतो आणि रूपांतर सुरूच होत नाही. म्हणून & नंतर ए-एम-पी ही अक्षरे आणि अर्धविराम लिहितात. तयार झालेल्या एचटीएमएलचा सोर्स पाहिला तर तिथेही हीच खूण दिसते. ती चूक नव्हे; ब्राउझर तिचे पुन्हा एकेरी & करूनच पत्ता उघडतो. ती घालवण्यासाठी आउटपुट एस्केपिंग (चिन्हाच्या जागी एंटिटी लिहिणे) बंद करण्याच्या खटपटीत पडू नये. ती सोय मजकुरापुरती आहे, अ‍ॅट्रिब्यूटला (टॅगमधील गुणधर्माला, उदा. दुव्याच्या पत्त्याला) ती लागू पडत नाही.

शोधायचा शब्दच ‘चहा & भजी’ असेल, तर मात्र एंटिटीने भागत नाही. ब्राउझरने & पूर्ववत केला की सर्व्हर तिथेच शब्द तोडतो. इथे वेबपत्त्याचा नियम पाळावा लागतो: & साठी टक्क्याचे चिन्ह आणि २६, रिकाम्या जागेसाठी टक्का आणि २०. देवनागरी अक्षरांचे आधी यूटीएफ-८ (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) बाइट करतात. ‘पुणे’मध्ये मात्रा धरून चार वर्ण, प्रत्येकी तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटला तीन चिन्हे, म्हणजे एवढ्याशा नावाची ३६ चिन्हे होतात.

२००७ च्या २.० आवृत्तीपासून हे काम ‘एन्कोड-फॉर-यूआरआय’ हे फंक्शन करते. ते फक्त घटकाच्या किमतीवर (उदा. ‘पुणे’) चालवावे. सबंध पत्त्यावर चालवल्यास तिरप्या रेघा (/) आणि अपूर्णविरामही (:) बदलतात. आधीच बदललेल्या किमतीवर चालवल्यास टक्का-२० चे टक्का-२५२० होते. १.० मध्ये हे फंक्शन नाही, आणि ब्राउझरमधील अंगभूत एक्सएसएलटी १.० चीच आहे. तिथे एचटीएमएल आउटपुट पद्धत दुव्यातील देवनागरीसारखी अक्षरे बदलते, पण & आणि रिकाम्या जागा तशाच राहतात; त्यामुळे किंमत एक्सएमएलमध्ये येण्याआधीच बदलून घेणे सोयीचे पडते.

महिरपी कंसांचीही एक अडचण आहे. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये त्यांच्यातला मजकूर एक्सपाथ (एक्सएमएलमधील माहिती निवडण्याची भाषा) म्हणून वाचला जातो. कंस नुसता चिन्ह म्हणून हवा असल्यास तो दोनदा लिहावा लागतो.