इलेक्ट्रिक पिकअपच्या हौद्यावरचं मोटरवालं कव्हर: ही कटकट सुरू कुठून झाली

अमेरिकेत इलेक्ट्रिक पिकअप घेतलेल्या लोकांची एक तक्रार गेली काही वर्षं सारखी कानावर येते, बॅटरीची नाही, चार्जिंगचीही नाही, तर मागच्या हौद्यावर बटण दाबलं की सरकत येणाऱ्या कव्हरची. अर्ध्यात अडकतं, बंद होता होता परत मागे जातं, पावसात आत पाणी येतं, थंडीत हलतच नाही. इथे इंदूरात बसून आपल्याला त्याचं काय, असं वाटू शकतं, पण रामबाग, स्नेहलतागंज भागातल्या कितीतरी घरांतली मुलं-भाचे तिकडे आहेत आणि त्यातले काही असल्या गाड्या घेतात, आणि दुसरं म्हणजे पुढेमागे इलेक्ट्रिक पिकअप आपल्याकडेही येणार आहे. म्हणून हे सगळं मुळापासून लिहून ठेवतोय, कारण नुसतं "कंपनीने खराब माल दिला" म्हणून हे प्रकरण संपत नाही.

सुरुवात अगदी साधी. १९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टी गाडीला मागे लोखंडी हौदा लावून कारखान्यातूनच विकायला काढली, किंमत २८१ डॉलर. हौदा उघडा, कारण माल वरून टाकायचा आणि वरूनच काढायचा, शेतकऱ्याला गवताच्या पेंढ्या, पिंपं, कुंपणाचे खांब न्यायचे असायचे, त्यावर झाकण कशाला. पाऊस आला तर ताडपत्री टाकायची आणि दोरीने करकचून बांधायची. आपल्या चोइथराम मंडीत कांदा-बटाटा घेऊन येणाऱ्या गाड्यांवर आजही तेच चालतं, आणि मी हे कमीपणा म्हणून लिहीत नाहीये, ताडपत्री फाटली तर सियागंजात जाऊन दुसरी घेता येते, दोरी तुटली तर गाठ मारता येते, कोणाला फोन करावा लागत नाही.

मग अमेरिकेत पिकअप शेतातून घरासमोर आली. १९७७ पासून फोर्डची एफ-सिरीज तिथे सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे आणि घेणाऱ्यांतला मोठा भाग ऑफिसला जाणारा, शनिवारी सामान आणणारा. अशा माणसाला हौद्यातली किराण्याची पिशवी भिजायला नको आणि टूलबॉक्स चोरीला जायला नको असतो. त्यातून कव्हरचा वेगळा धंदा उभा राहिला. आधी टिचबटणांचं रेक्झिनचं कव्हर, मग गुंडाळी होणारं, मग फायबरचं एकसंध झाकण, मग तीन घड्यांचं कडक कव्हर, आणि मग ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं, जे उघडताना सरकत सरकत केबिनमागच्या डब्यात जातं. या शेवटच्या प्रकाराला मोटर लावणं ही पुढची पायरी होती आणि पेस एडवर्ड्स, रेट्रॅक्स अशा ॲक्सेसरीवाल्या कंपन्यांनी ती इलेक्ट्रिक ट्रक येण्याच्या बऱ्याच आधी गाठली. स्वतः गाडी कंपन्याही यात उतरल्या, जनरल मोटर्सची २००१ मधली शेव्हरोले ॲव्हलांच तीन तुकड्यांचं कडक झाकण घेऊनच आली, पण ते तुकडे हाताने काढायचे, हाताने बसवायचे.

इथपर्यंतचा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी चीड त्यातूनच येते. बाहेरून बसवलेलं कव्हर बिघडलं तर ट्रकला काही होत नव्हतं. चार क्लॅम्प सोडले की कव्हर निघालं, हौदा मोकळा, सोमवारी कामावर जायला अडचण नाही, आणि दुरुस्तीला तुमच्याच गावातलं ॲक्सेसरीचं दुकान.

इलेक्ट्रिक ट्रक आले आणि कव्हरला अचानक एक नवीन काम मिळालं. उघड्या हौद्याच्या ट्रकला हवा फार नडते, केबिनच्या छतावरून आलेली हवा हौद्यात उतरते, तिथे भोवरा तयार होतो, काही मागच्या फाळक्यावर आदळते. डिझेलच्या गाडीत याचा हिशोब कोणी मनावर घेत नाही, पंप सगळीकडे आहेत. पण बॅटरीच्या गाडीत हायवेवर सगळ्यात मोठा खर्च हवेशी झुंजण्याचाच असतो आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. तिथे हौदा झाकून मिळणारी थोडीशी बचतही सरळ रेंजमध्ये, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्यात, दिसते. त्यामुळे जे झाकण आधी हौसेचं होतं ते गाडीच्या रेंजचा भाग झालं, आणि फोनवरून लॉक होणाऱ्या गाडीत झाकण तेवढं हाताने ओढायचं हे विकणाऱ्यालाही बरं दिसेना.

रिव्हियन या नव्या अमेरिकन इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीने आर-१-टी हा ट्रक नोव्हेंबर २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या शोमध्ये दाखवला आणि सप्टेंबर २०२१ पासून गिऱ्हाइकांना द्यायला सुरुवात केली, इलिनॉयमधल्या नॉर्मल गावच्या कारखान्यातून. पहिल्या गाड्यांची अधिकृत रेंज ३१४ मैल, म्हणजे साधारण ५०५ किलोमीटर. हौदा साडेचार फुटांचा, त्यावर पर्याय म्हणून मोटरवालं पट्ट्यांचं कव्हर, जे केबिनच्या बाजूला गुंडाळून जायचं. दिसायला फारच देखणं, गाडीच्या रेषेत बसलेलं. आणि हेच कव्हर अडकायला लागलं. काहींचं पहिल्याच महिन्यात, काहींचं बदलून दिलेलंसुद्धा. शेवटी कंपनीने पहिल्या दीड-दोन वर्षांतच ते देणं थांबवलं आणि डिझाइन पुन्हा करायला घेतलं, मधल्या काळात लोकांनी हाताने लावायच्या कव्हरवर दिवस काढले, आणि नव्या रचनेचं मोटरवालं कव्हर २०२४ मध्ये आलं. थांबवून नव्याने करणं हे मला तरी योग्य वाटतं, पण ज्याने ऑर्डर देताना ते कव्हर धरूनच पैसे मोजले होते त्याला एवढा काळ वाट बघायला लावणं हा अन्यायच आहे.

आता हे अडकतं का, हे जरा सविस्तर, कारण इथेच खरी गोष्ट आहे. राजवाड्याजवळच्या कुठल्याही दुकानाचं शटर डोळ्यांसमोर आणा, पट्ट्या, दोन बाजूंना दोन रूळ, वर गुंडाळी. कव्हर म्हणजे तेच शटर, पण आडवं झोपवलेलं. उभ्या शटरच्या रुळातली धूळ निदान खाली पडते, आडव्या रुळातली तिथेच बसते. त्यात हौदा म्हणजे गाडीतली सगळ्यात घाण जागा, माती, वाळू, झाडाची पानं, लाकडाचा भुसा, सगळं तिथेच, आणि वर पाऊस-बर्फ. रूळ थोडा जड झाला की मोटरला जास्त करंट लागतो. आणि या मोटरच्या कंट्रोलरला शिकवलेलं असतं की करंट वाढला म्हणजे मध्ये कोणाचा हात किंवा सामान आलंय, लगेच थांब आणि उलट फिर. म्हणजे सुरक्षेसाठी ठेवलेली सोय धुळीला हात समजते. गाडीवाल्याला दिसतं एवढंच की कव्हर चार बोटं उरली असताना परत मागे चाललंय, आणि आत काहीही अडकलेलं नाहीये. मग सर्विसवाले सॉफ्टवेअर अपडेट देतात, करंटची मर्यादा थोडी वाढवतात, कॅलिब्रेशन (कव्हरची उघड-बंदची टोकं परत शिकवणं) करायला सांगतात, काही दिवस चालतं, परत तेच.

तापमानाचं वेगळंच. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर वाढतं. दीड मीटरची पट्टी धरली आणि हिवाळ्यातले उणे २० ते उन्हात तापलेले ६० असा ८० अंशांचा फरक धरला तर पट्टी पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास लहान-मोठी होते. रुळात तेवढी जागा सोडली तर पाणी शिरतं आणि खडखडाट होतो, नाही सोडली तर उन्हाळ्यात घट्ट बसतं. पाणी अडवायला रबर लावलं तर घर्षण वाढतं आणि गोठणाऱ्या थंडीत तेच रबर बर्फाने चिकटतं. शिवाय खडबडीत रस्त्यावर ट्रकची बॉडी किंचित पिळली जाते, दोन रूळ समांतर राहत नाहीत. पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात, त्यात पानं अडकली की पाणी थेट सामानावर. यातली एकेक गोष्ट सोडवता येते, सगळ्या एकदम, वर देखणेपणा सांभाळून, हे अवघड काम आहे आणि ॲक्सेसरीवाल्यांना त्याचा अनेक वर्षांचा अनुभव होता जो नव्या कंपन्यांकडे नव्हता.

टेस्लाच्या सायबरट्रकने तर कव्हर गाडीच्या आकारातच मुरवलं. २१ नोव्हेंबर २०१९ ला गाडी दाखवली, ३० नोव्हेंबर २०२३ पासून मिळायला लागली. सहा फूट लांब, चार फूट रुंद हौदा आणि त्यावर उतरतं मोटरवालं झाकण, त्यावर माणूस उभा राहिला तरी चालेल इतकं मजबूत असं कंपनीने सांगितलं. ते बंद असलं की मागची काच पूर्ण झाकली जाते, आरशातून मागचं काही दिसत नाही, स्क्रीनवर कॅमेऱ्याचं चित्र बघायचं. मजबुती खरीच आहे, पण पाणी आत येण्याच्या आणि कव्हर मध्येच थांबण्याच्या तक्रारी इथेही झाल्या.

आमच्या नात्यातला एक भाचा मिनेसोटात राहतो, त्याच्या इलेक्ट्रिक ट्रकचं कव्हर जानेवारीत बंद अवस्थेत गोठलं आणि आत बायकोची व्हीलचेअर. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. फोनवर सांगितलं गेलं की गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवा, आणि माणूस येणार तो पुढच्या आठवड्यात. मला यातलं सगळ्यात वाईट हे वाटतं की हाताने उघडायची कुठलीच सोपी सोय त्याला सापडली नाही. झाकण बिघडणं समजू शकतो, यंत्र आहे, पण बिघडलेल्या झाकणाने मालकाचं सामान कोंडून ठेवावं हे चालणार नाही. नव्या कंपन्या थेट विकतात, गावोगावी डीलर नाहीत, बाहेरचा मेकॅनिक हात लावायला घाबरतो आणि सुटा भाग बाजारात मिळत नाही. पूर्वी क्लॅम्प सोडून मोकळं होता यायचं, ते राहिलं नाही.

२०२५ मध्ये एक उलटा प्रवाहही दिसला. एप्रिलमध्ये टेस्लाने ६९,९९० डॉलरचा स्वस्त सायबरट्रक आणला आणि त्यात मोटरवालं कव्हरच काढून टाकलं, हवं तर ७५० डॉलरला कापडी घ्या. जे झाकण गाडीची ओळख म्हणून मिरवलं ते खर्च कमी करताना आधी गेलेल्या गोष्टींत होतं. अर्थात १०,००० डॉलर वर टाकले की सगळं असलेली गाडी मिळत होती, त्यामुळे हा प्रकार चालला नाही आणि सप्टेंबरमध्ये बंद झाला. त्याच एप्रिलमध्ये स्लेट नावाच्या कंपनीने एक छोटा इलेक्ट्रिक ट्रक दाखवला ज्याच्या काचासुद्धा हाताने फिरवायच्या.

आता आपल्याकडचं. इसुझू व्ही-क्रॉस ही पिकअप २०१६ ला आली, टोयोटा हायलक्स २०२२ ला, आणि इंदूरात ज्यांच्याकडे या आहेत त्यातले बरेच जण मागे रोलर लिड, म्हणजे असंच सरकतं झाकण, लावतात, बहुतेक हाताने ओढायचं. माळव्याची काळी माती कोरडी झाली की पिठासारखी बारीक उडते आणि पावसाळ्यात चिकटून दगड होते, रुळासाठी दोन्ही वाईटच. इसुझूने जानेवारी २०२५ च्या दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात इलेक्ट्रिक डी-मॅक्स पिकअप मांडली होती, म्हणजे विषय फार लांबचा नाही. आपल्या शेजारी पिथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्या तपासायचं केंद्र आहे, २०२१ पासून ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आणि खराब रस्त्यांचेही ट्रॅक, तेव्हा कोणीही असं कव्हर इथे विकायला आणलं तर मे महिन्याची धूळ आणि जुलैचा चिखल खाऊन ते किती वेळा उघडतं-मिटतं हे बघितल्याशिवाय आणू नये असं मला मनापासून वाटतं. आणि घेणाऱ्याने शोरूममध्ये बटण दाबून खूश होण्याआधी विचारावं, १२ व्होल्टची बॅटरी पडली तर झाकण हाताने कसं उघडायचं, ते आत्ता करून दाखवा. रूळ साफ करायला पट्ट्या कोण काढणार, मी की फक्त तुम्ही. पाण्याच्या नळ्या कुठे उघडतात आणि तिथे हात पोचतो का. मोटर, रूळ, पट्ट्या सुट्या मिळतात की सगळं कव्हरच बदलावं लागतं, आणि वॉरंटीत धुळीने झालेला बिघाड धरला आहे का, हे कागदावर लिहून घ्यावं.