कोरस पेडल परत आणण्याआधी मिक्सचा नॉब बघा

"जुन्या रेकॉर्डमधल्यासारखा कोरस येत नाही, नुसता सूर डगमगतो." ही तक्रार घेऊन दर आठवड्याला कोणी ना कोणी आमचं कोरस पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारा पायाशी ठेवायचा डबा, काउंटरवर ठेवतं. पेडल ठणठणीत असतं, मिक्सचा नॉब मात्र पूर्ण उजवीकडे असतो.

गिटारचा साधा आवाज आणि काही मिलिसेकंद मागून येणारी, सुरात किंचित वरखाली होणारी त्याची नक्कल, ही दोन्ही एकत्र ऐकू आली की कोरस होतो. या दोघांचं प्रमाण मिक्सचा नॉब ठरवतो. तो पूर्ण उजवीकडे नेऊन साधा आवाज काढलात की उरतो तो व्हायब्रेटो, म्हणजे नुसता डगमगणारा सूर. बॉस कंपनीच्या १९७६ च्या सीई-१ या कोरस पेडलवर तर त्यासाठी पायाने दाबायची वेगळी कळच होती. १९७९ च्या सीई-२ ला रेट (हेलकाव्याचा वेग) आणि डेप्थ (हेलकावा किती मोठा) हे दोनच नॉब. मिक्स कारखान्यातच ठरलेलं, त्यामुळे चुकायला वावच नव्हता. आता नॉब हाताशी असतो आणि जास्त फिरवला की जास्त कोरस मिळेल असं वाटतं.

मग नॉब ठेवलात कशाला, असं काहीजण विचारतात. ज्यांना व्हायब्रेटोच हवा असतो तेही आमचंच गिऱ्हाईक आहे! म्हणून नॉब ठेवलाय, पण मिक्सच्या बरोबर मधोमध नेलपेंटचा पांढरा ठिपका हाताने लावून देतो. तो खरवडू नका.

मिक्स त्या ठिपक्यावर, रेट घड्याळात साडेनऊला काटा असतो तिथे, डेप्थ अकराच्या आसपास. एक कॉर्ड वाजवून सोडा आणि विझेपर्यंत ऐका. एक हेलकावा सेकंदभर तरी चालला पाहिजे. त्यानंतर टोनचा नॉब कमी करा, हे बहुतेकजण विसरतात. जुन्या पेडलमध्ये आवाज मागे ठेवायचं काम बकेट ब्रिगेड चिप करायची. आग विझवताना रांगेतून बादल्या पुढे देतात, तसा आवाज एका कपॅसिटरमधून पुढच्यात सरकायचा. सीई-२ मधल्या एमएन३००७ चिपमध्ये अशी १,०२४ घरं आहेत. चिपच्या क्लॉकची, म्हणजे हे सरकणं ज्या ठोक्यावर चालतं त्याची, किरकिर ऐकू येऊ नये म्हणून फिल्टर असत आणि त्यात नकलेचा वरचा चरचरीतपणाही जायचा. डिजिटल पेडलची नक्कल लख्ख असते, तिची धार आपणच मारायची. डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारं पेडल) वापरत असाल तर ते आधी, कोरस नंतर.

वाद्यवृंदात वाजवणाऱ्यांसाठी आणखी एक. १९७५ च्या रोलंड जेसी-१२० ॲम्पमध्ये कोरस लावला की एका स्पीकरमधून साधा आवाज, दुसऱ्यातून नक्कल, आणि दोन्ही हवेत मिसळत. आमच्या पेडलची रीत तीच आहे, आवाज बाहेर येण्याच्या दोन जॅकपैकी ए मधून साधा, बी मधून नक्कल. साउंडवाल्याने घाईत फक्त बी ची लाइन घेतली की पुन्हा तीच बोंब. एकच लाइन मिळणार असेल तर केबल ए ला लावा आणि बी रिकामं सोडा, दोन्ही आवाज आतच मिसळतात.

दोष निघाला नाही तरी तपासणीचे २५० रुपये घेतो, यावर काहीजण नाराज होतात. पेडल उघडून, जॅकचं सोल्डर बघून, अर्धा तास वाजवल्याशिवाय "काही झालेलं नाही" असं आम्ही म्हणत नाही. आधी फोन करून मिक्स कुठे आहे ते सांगितलंत तर एक पैसा लागत नाही.

कोणी जपानमधून जुना सीई-१ मागवणार असेल तर आधी व्होल्टेज वाचा. तिकडचा पीस १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर थेट लावला की ट्रान्सफॉर्मर गेलाच. तोही आम्ही दुरुस्त करतो, पण स्वस्तात नाही.

दुकानात एक जुना सीई-२ चालू ठेवलाय. आपली गिटार आणा, आमच्या पेडलशेजारी लावून वाजवा. संध्याकाळी सहानंतर मात्र नको, तेव्हा शेजारी शिकवणी भरते.