कर्नल-पॅचचे परीक्षण : हातात मावणारी उपकरणे

लिनक्स कर्नलमध्ये (संगणक-प्रणालीच्या गाभ्यात) पीडीए (खिशात मावणारा संगणक), मोबाइल, खेळयंत्र अशा उपकरणाला आधार देणारी संहिता मूळ शाखेत घेण्यापूर्वी इतर जाणकारांनी ती ओळीओळीने तपासण्याची पद्धत. पॅच म्हणजे संहितेत सुचवलेला बदल; ड्रायव्हर म्हणजे उपकरणाचा एखादा भाग चालवणारी संहिता.

आरंभाविषयी मतभेद संभवतात. 2004 मध्ये पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लिहिण्याचा प्रघात पडला, तेथून गणना करता येईल. मात्र ही ओळ संहिता देण्याचा हक्क असल्याची ग्वाही आहे, तपासणी झाल्याची नव्हे. ‘रिव्ह्यूड-बाय’ ही तपासणी झाल्याची ओळ नंतरची. निदान हातातील उपकरणांपुरते तरी 2011 हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. तोपर्यंत कॉम्पॅकचा आयपॅक, शार्पचा झॉरस अशा यंत्रांसाठी सी भाषेतील ‘बोर्ड फाइल’ असे. चिपची कोणती पिन (जोडणीचे टोक) कशाला जोडली आहे ते तीत लिहिलेले असे. कर्नलच्या एआरएम (अशा उपकरणांतील प्रोसेसरची एक रचना) विभागात या फाइलींचा ढीग साचला आणि मार्च 2011 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर जोडणीचे वर्णन क्रमाक्रमाने ‘डिव्हाइस ट्री’मध्ये, म्हणजे उपकरणाची रचना सांगणाऱ्या वेगळ्या वर्णनात, गेले. तिचे मूळ ओपन फर्मवेअर या संगणक सुरू करणाऱ्या संहितेच्या मानकात (आयईईई 1275, 1994) सापडते. पॉवरपीसी या प्रोसेसर-रचनेवर तिचे आजचे सपाट रूप साधारण 2005 च्या सुमारास आले.

या बदलाने परीक्षणाचा विषयच पालटला. एकदा स्वीकारलेले वर्णन हा करार मानला जातो: जुनी ट्री नव्या कर्नलवरही चालली पाहिजे. पिनच्या ध्रुवतेवरून, म्हणजे ती उच्च व्होल्टला कार्यान्वित होते (‘ॲक्टिव्ह-हाय’) की शून्याला (‘ॲक्टिव्ह-लो’) यावरून, वाद होतात ते यामुळेच. ड्रायव्हर फक्त 1 (कार्यान्वित) किंवा 0 (बंद) पाठवतो; त्याचे व्होल्ट ट्रीतील नोंदीवरून ठरतात. समजा, पडद्याची रीसेट पिन शून्य व्होल्टला कार्यान्वित होते. पॅचकर्त्याने ट्रीत ती चुकून ‘ॲक्टिव्ह-हाय’ लिहिली आणि ड्रायव्हरमधून आधी 0, मग 1 पाठवला, तर पडदा बिनदिक्कत उजळतो. दोन चुका एकमेकींना खातात. पुढे तोच पडदा दुसऱ्या उपकरणात बसवून कोणी ट्रीत अचूक ‘ॲक्टिव्ह-लो’ लिहिले, की पडदा रीसेटमध्येच अडकतो. तेव्हा ड्रायव्हर सुधारावा तर पहिल्या उपकरणाची ट्री मोडते. म्हणून ‘माझ्याकडे चालते’ हे उत्तर परीक्षक पुरेसे मानत नाहीत, आणि ते रास्तच आहे.

बॅटरीमुळे वीजपुरवठ्याचीही कसून चौकशी होते. सगळे रेग्युलेटर (भागांना वीज पुरवणारी मंडले) ‘ऑलवेज-ऑन’ (कायम चालू) लिहिणे सोपे असते, पण मग उपकरण झोपले तरी वीज खर्च होतच राहते. बटणांचा भाग तुलनेने किरकोळ: बटण दाबताना संपर्क क्षणभर थरथरतो ती उसळी गाळण्याचे 5 मिलिसेकंद ड्रायव्हर स्वतःहून धरतो, तेव्हा तेच मूल्य पुन्हा लिहिण्याची गरज नसते.

ट्रीतील भागाला त्याच्या ड्रायव्हरशी जुळवणाऱ्या ‘कम्पॅटिबल’ नावात निर्मात्याचा उपसर्ग, स्वल्पविराम आणि उपकरणाचे नाव असते. त्याचा यामल (YAML, साधा मजकूर-आराखडा) स्वरूपातील दस्तऐवज पॅचच्या मालिकेत वापराच्या आधी यावा लागतो. एका पॅचमध्ये एकच बदल, हा नियम सर्वत्र सारखाच.

परीक्षकाच्या हाती बहुधा ना उपकरण असते ना त्याचा विद्युत-आराखडा. अशा वेळी ‘टेस्टेड-बाय’ या, प्रत्यक्ष चालवून पाहिल्याचे सांगणाऱ्या ओळीचे वजन वाढते. बोर्ड फाइलींच्या काळातील पीएक्सए या एआरएम चिपवरील बरीचशी संहिता, वापरणारे उरले नाहीत असे धरून, 2023 मधील कर्नलच्या 6.3 आवृत्तीत वगळण्यात आली.